लाल रेघ

फिटरने किक मारली. इंजिन खाकरलंसुद्धा नाही.

"झालं समाधान?" दारात उभे असलेले चिरंजीव म्हणाले.

"उद्या परत," म्हणत फिटर इंजिनाचा प्लग खोलायला बसला.

तो कामावरून निवृत्त झाला होता, हट्टातून नाही. दोन जुनी इंजिनं आणून त्यांतून मनासारखं एक घडवायचं त्याने मनावर घेतलं होतं. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. गेल्या वर्षी मोटरसायकलवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय साथ देत नव्हता, आणि तेव्हापासून चिरंजीवच घरातले वडील झाले होते. नजरेआड असलेली बरी म्हणून त्यांनी गाडी मावशीच्या अंगणात नेऊन टाकली होती.

"बाबा, पाय टेकत नाही तुमचा. गाडी तोलणार कोण?"

फिटर प्लग पुसत राहिला.

"आई, तू तरी सांग."

"भंगारात द्या सांगून घसा कोरडा पडला माझा." आईने जड पिशवी उचलली. मावशीचे गुडघे धरले होते, म्हणून ती रोज दुपारी तिकडे जायची.

"आई, बोटं कशाने काळी झाली गं?"

"मावशीचे केस रंगवते. तरुण व्हायचंय बाईसाहेबांना."

दुपारी फिटरला डुलकी लागली की चिरंजीव प्लग काढत, टोकाची फट हलकेच ठोकून बंद करत आणि प्लग परत बसवत. फट नाही तर ठिणगी नाही, एवढं फिटरच्या मुलाला कळत होतं. त्यांना वाईट वाटायचं. पण दवाखान्यात बाबांच्या उशाशी काढलेले दिवस आठवले की हात थांबत नसे.

फिटरला एक नवीच खोड लागली होती. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर, अगदी प्लगवरही, तो आईच्या लाल नेलपॉलिशने रेघ ओढायचा. अर्धी त्याच्यावर, अर्धी इंजिनावर.

"हा काय शृंगार?"

"बाटली वाळून चालली होती."

रोज सकाळी तो रेघा बघायचा, "हं" म्हणायचा आणि कामाला लागायचा.

अखेर चिरंजीवांनी निकाल लावला. "रविवारपर्यंत सुरू झालं नाही तर भंगारवाला."

"आणि झालं तर?"

"तर गाडी परत आणा. मी अडवणार नाही."

"शब्द दिलास हं."

रविवारी इंजिन सुरू झालं नाही. भंगारवाल्याने ते टेम्पोत चढवलं. फिटरने स्वतः हात लावला. चिरंजीवांना भरून आलं.

"बाबा, रागावू नका."

"रागावू कशाला?" फिटरने खिशातून प्लग काढून त्यांच्या हातात ठेवला. "घट्ट केलं की रेघ ओढायची. कुणी खोललं की ती परत जुळत नाही. महिनाभर एकदाही जुळली नाही."

चिरंजीवांची मान खाली गेली. "मग बोलला का नाहीत?"

"तू इथेच गुंतलेला बरा होतास." फिटरने खुंटीवरचं हेल्मेट घेतलं. "शब्द लक्षात आहे ना?"

कोपऱ्यावरून धडधड ऐकू आली. फिटरचीच मोटरसायकल वळण घेऊन फाटकाशी थांबली. आईच्या पिशवीतून गेलेल्या भागांनी घडलेल्या इंजिनावरची लाल रेघ न् रेघ जुळलेली होती. हँडलवरच्या काळ्या बोटांनी हेल्मेटची काच वर केली.

"बसा हो मागे," आई म्हणाली. "आणि तू रे, फाटक उघड."