कडक इस्त्री

कॉलेजच्या मेसमध्ये गरजू मुलांना फुकट जेवण सुरू झालं, तेव्हा मनाचा हिय्या करून ती मदत समितीच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडमनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"ड्रेसला एक सुरकुती नाही गं तुझ्या! असे कडक इस्त्रीचे कपडे घालून फुकट जेवायला येताना काहीच कसं वाटत नाही? खऱ्या गरजूंच्या तोंडचा घास हिरावून घेऊ नकोस."

समितीतली मुलं फिदीफिदी हसली. ती ग्लासभर पाणी पिऊन घरी आली.



लोकांच्या कपड्यांच्या ढिगाआडून आईनं मान वर केली, हातातली गरम इस्त्री उभी ठेवली आणि हसून विचारलं, "झालं ना गं काम? सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून आधी तुझाच ड्रेस केला होता. म्हटलं, चारचौघांत पोरगी नीट दिसू दे."