बेचाळिसावा कागद

भिंतीवर एक्केचाळीस कागद होते आणि वर्गात पोरं बेचाळीस. कारकूनबाईने पुन्हा एकदा मोजले, मग हजेरीचं पुस्तक उघडून एकेका नावावर बोट ठेवत ताडून पाहिले. जो कागद नव्हता तो तिचाच होता.

कारकूनबाई हे वर्गाने ठेवलेलं नाव. हजेरी घ्या, याद्या करा, सहलीला डोकी मोजा, सगळं हिच्या गळ्यात. या शाळेची रीत अशी, की शेवटच्या दिवशी ज्याच्या नावाची चिठ्ठी हाताला लागेल त्याच्याबद्दल कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: एक आठवण, आणि दहा वर्षांनी तो कोण झालेला असेल ते. मग कागद व्हरांड्यात लावायचे आणि आईबापांनी येऊन वाचायचे. चिठ्ठ्या अर्थातच हिने केल्या, रोजच्या हजेरीसारख्या. आता हजेरी घेणारा स्वतःचं नाव कधी पुकारतो का? तो असतोच. चिठ्ठ्यांचा डबाही हिच्याच हातात, म्हणून हिने चिठ्ठी उचलली नाही, आणि एक नाव राहिलंय हे कुणाच्या बापाला कळलं नाही.

हिचा बाप मात्र चार वाजता येणार होता.

त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. दुकानात त्याच्या हाताखाली असलेला भाऊ वेगळा झाल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, की शाळा संपली, आता दुकानात तू बस. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी त्याने तोड काढली. मास्तर लोक तोंडदेखलं बोलतात, त्यांचं मी धरत नाही, म्हणाला, पण दहा वर्षं बरोबर बसलेली पोरं एकमेकांना बरोब्बर ओळखतात. तू पुढे शिकतेयस असं त्या कागदावर दिसलं तर खुशाल शीक. नाहीतर सोमवारपासून दुकान. फक्त कुणाला सांगून लिहवून घ्यायचं नाही, अशी शपथही घातली.

शपथ पाळायला तिला काही जड गेलं नाही. आपल्याला जनावरांची डॉक्टर व्हायचंय हे तिने आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. लोक हसतील म्हणून भ्यायची वेडी.

चाराला वीस मिनिटं कमी होती. तिने धावत जाऊन चिमणीला गाठलं. पहिलीपासून दोघी एका बाकावर. कागद राहिल्याचं ऐकून चिमणीने कपाळाला हात लावला आणि तिथेच पायरीवर बसून कागद मांडीवर घेतला. आठवण लिहायची तर तिचं पेन अडलं. आठवणींना काय तोटा? सहलीत ही बसच्या दारात डोकी मोजत होती. नाटकात पडदा ओढत होती. एका मोठ्या भांडणात सगळ्यांची दप्तरं सांभाळत उभी होती. पण हिची स्वतःची म्हणून एक सापडेना. शेवटी चिमणीने दप्तरांची लिहिली आणि पुढचं मात्र झरझर, एका दमात लिहून काढलं. कारकूनबाई खांद्यावरून वाचत होती.

'दहा वर्षांनी ही वडिलांचं दुकान सांभाळत असेल. एक स्क्रू इकडचा तिकडे होणार नाही. आमच्यात सगळ्यात सुखी हीच असेल.'

लिहिणारीने अगदी जीव ओतून लिहिलं होतं. वाचणारीने ते पुन्हा एकदा वाचलं.

"दुसरं काही नाही सुचलं तुला?"

"दुसरं काय? तू कधी काही बोललीस?"

मग ती बोलली. दहा वर्षांत पहिल्यांदा, घाईघाईत, अर्धे शब्द गिळत. चिमणी आ वासून बघतच राहिली. अगं मग आधी सांगायचंस ना, म्हणत तिने खोडायला पेन टेकवलं, तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने कागद अलगद काढून घेतला.

बापाने चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले, कारण तोही काही राक्षस नव्हता.

"पण काका, तिला डॉक्टर व्हायचंय," चिमणी म्हणाली. "जनावरांची."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. आत्ता."

"आणि हे लिहिलंस ते?"

चिमणीने मैत्रिणीकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "ते माझं मी," ती म्हणाली.

बापाने मान हलवली, रागाने नाही, काटा नीट लागल्यावर हलवतो तशी. मग सांगितलेलं धरायचं नाही, आपलं ठरलंय, असं तो लेकीला म्हणाला. तिच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला.

"बाबा, सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार?"

त्याने कागद तिच्या हातात दिला आणि बाकीच्यांचे कागद वाचत व्हरांड्यातून पुढे गेला. कोण वैमानिक होतं, कोण वकील, एकाला तर पोरांनी सर्कशीत घातलं होतं. बाप मोठ्याने हसला.

चिमणी रडत रडत तो कागद भिंतीवर टाचत होती. कागद तिरका जात होता. कारकूनबाईने दोन्ही कडा धरून तो ओळीत आणला आणि चारी टाचण्या बसेपर्यंत हलू दिला नाही.