सासूबाईंचं पान

“लग्नानंतर आपण कुठं गेलो होतो?” सुमतीनं विचारलं.

तो भोपळा चिरत होता. सुरी थांबली. “नाही सांगता येणार.”

“माथेरानला. कुठल्या हॉटेलात उतरलो होतो?”

“ठाऊक नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा चिरायला लागला.

सुमतीनं बोटांवर मोजलं. माथेरान गेलं, हॉटेल गेलं. परवा मिशी कधी काढलीत असं विचारलं, तर म्हणे मला मिशी कधी नव्हतीच. असं एकेक करत ते पापही पुसलं गेलं, तर सूड घ्यायचा कुणावर?

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. एड्सचा विषाणू नुसता रक्तात राहत नाही, मेंदूत आणि नसांतही शिरतो. विसर पडत जाईल. तळपायांची आग होईल, मग ते बधिर होतील. हातातल्या वस्तू सुटतील. पुढंपुढं माणसांची ओळखही राहायची नाही. पंच्याण्णव साल होतं. धीर देण्यापलीकडे डॉक्टरांकडे तरी काय होतं?

गुरुदत्त कंपनीच्या कामासाठी अर्धा महिना बाहेरगावी असायचा. दुखणं त्यानं तिकडूनच आणलं. दोघांच्याही रक्तात ते सापडलं, तेव्हा त्यानं आईला आणि थोरल्या बहिणीला, शकूला, सांगितलं, “हिच्यामुळे झालं.” बस्स, एवढंच. शकूवन्संनी त्याच दिवशी सुमतीचं ताट वेगळं केलं. पनवेलच्या बाजारात बायका तिला बघून पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. माहेरच्यांनी तोंडावर दार लावलं. धाकटा दीर अविनाश, ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं, त्यानं तर हल्ली फिरकणंच सोडलं होतं.

सुमतीनं तेव्हाच मनाशी गाठ मारली होती. ज्या तोंडानं हे बोललास त्याच तोंडानं, शकूवन्संच्या समोर, खरं वदवून घेईन. तुझं डोकं पार जायच्या आत.

आणि तोवर सुखानं जगूही द्यायची नव्हती ती. काल तिनं त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तो मुकाट प्यायला. म्हणजे जिभेची चवही गेली! भर उन्हात त्याच्या चपला लपवून त्याला मागच्या फरशीवर कपडे वाळत घालायला पाठवलं. तो पाय उचलत, नाचत परत आला, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच थोडी लाज वाटली. थोडीच.

त्याच्या वेंधळेपणाला तर सुमार नव्हता. सकाळी दूध उतू गेलं. त्यानंच ठेवलं असणार, दुसरं कोण ठेवणार? वर तिला म्हणतो, “पाय दाखव.” बाजारातून येताना तिची एक चप्पल वाटेत कुठंतरी निसटली होती आणि ती तशीच घरी आली होती. हल्लीच्या चपलांत काही दमच राहिलेला नाही. तिनं पाय दाखवला नाही. टाचेत रुतलेली काच त्यानं बळेच पाय धरून काढली. तिला काहीच दुखलं नाही. याच्यापुढे ती कण्हणारही नव्हती.

पण आज दिवस तिचा होता. आज सासूबाईंचं श्राद्ध. भटजी येऊन गेले होते आणि शकूवन्सं उरणहून आल्या होत्या. सुमतीला बघताच त्यांचे डोळे भरले. नक्राश्रू, दुसरं काय!

त्यानं पान वाढून मागच्या भिंतीवर ठेवलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. समोरच्या बदामावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. सगळे उपाशी ताटकळत उभे राहिले. कावळा शिवायच्या आधी कोण जेवणार?

सुमतीनं त्याचा दंड पकडला. “वन्सं, यांना तुमच्यासमोर काहीतरी सांगायचंय.”

त्यानं एकदा शकूकडे बघितलं. मग पाठ केल्यासारखा, न अडखळता बोलला. “दुखणं बाहेरून मी आणलं. हिला माझ्यामुळे लागलं. मी हिच्यावर खोटा आळ घेतला. हिचा काही दोष नव्हता.”

आठवत होतं! मेल्याला सगळं आठवत होतं!

शकूवन्सं पुढं आल्या आणि वयानं मोठ्या असून सुमतीच्या पायाशी वाकल्या. “तुझं ताट वेगळं केलं मी. हात झडोत माझे. माफ कर गं.”

सुमतीच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतका हलका श्वास तिनं कित्येक दिवसांत घेतला नव्हता. डोळे पुसत ती आत गेली, माठातलं पाणी प्यायली. पेला हातातून सुटून खणखणत मोरीपर्यंत गेला. तो उचलायला ती वाकली, उठली, आणि ओटा धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

बाहेर कुणीतरी रडत होतं. सुमती मागच्या दारात आली. भिंतीशी शकूवन्सं उभ्या होत्या. त्यांना बघताच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“वन्सं! कधी आलात?” तिनं त्याचा दंड घट्ट धरला. “बरं झालं आलात. आज यांना तुमच्यासमोर काहीतरी सांगायचंय.”

अविनाशनं दंड सोडवून घेतला नाही. “सांगतो, वहिनी,” तो म्हणाला. गुरुदादाच्या वर्षश्राद्धाच्या पानाला अजून कावळा शिवला नव्हता. ते त्यानं भिंतीवर जरा पुढं सरकवलं, आणि वर्षभर रोज सांगत आला होता ते पुन्हा सांगायला लागला.