खुडूक कोंबडीखालची अंडी

नदीकाठून आणलेल्या वाळूत दोन लांबट अंडी सापडली, तेव्हा बदकाची समजून शालनने ती खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. आज तीच कोंबडी फडफडत वाशावर जाऊन बसली, काही केल्या खाली उतरेना.

प्राणिशास्त्र शिकणाऱ्या लेकीने एक अंडं कानाशी धरलं. आतून बारीक आवाज येत होता. तिचा चेहराच उतरला. "आई, ही मगरीची आहेत!"

"असू देत. सरपटणारे प्राणी अंडी घालतात नि वळूनही बघत नाहीत, तूच म्हणालीस ना?"

"मगर बघते गं. पिल्लं अंड्यातून हाक मारतात, आणि ती उकरायला येते."

शालनला हसू आलं. पण तेवढ्यात मागच्या परसातल्या वाळूच्या ढिगावर खसाखसा उकरल्याचा आवाज झाला.

"आपला कुत्रा असेल," ती म्हणाली.

कुत्रा तिच्याच पायाशी, खाटेखाली अंग चोरून थरथरत होता.