चारातली एक

“म्हणजे दोन गेल्या?” नागोरावांनी विचारलं.

नम्रताने पडद्यावरून नजर काढली नाही. चारपैकी दोनच डिस्क दिसत होत्या. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा दोनच.

“दोन,” ती म्हणाली.

तिचे सासरे पलंगाच्या कडेवर बसले. उद्या त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये साठ माणसं येणार होती, नागपूरचे पाहुणे वाटेत होते, आणि कार्यक्रम होता ‘धरणदर्शन’. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढताना नागोरावांनी एकेक धरण कॅमेऱ्यात टिपलं होतं, स्वतःच्या निवेदनासह. एकूण चार तास वीस मिनिटं. पत्रिकेत तसं छापलं होतं, आणि त्याखाली छापलं होतं, ‘नंतर भोजन’.

पण नागोरावांचा चेहरा उतरला होता तो धरणांसाठी नव्हे. धरणं ज्या सर्व्हरवर होती, त्याच सर्व्हरवर त्यांच्या आईची, चंद्रभागाबाईंची, अकरा मिनिटं होती. दीक्षाभूमीवर झाडाखाली बसून, छप्पन साली आपण इथे कशा आलो, ते त्या सांगत होत्या. मूळ कॅसेट बुरशी लागून गेली होती. त्यांचा आवाज आता दुसरीकडे कुठेही नव्हता.

सर्व्हर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा डबा. नम्रता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. गेल्या उन्हाळ्यात तिने त्यात चार डिस्क बसवून दिल्या होत्या. तत्त्व तिने कागदावर समजावलं होतं. तीन आकडे आणि चौथी त्यांची बेरीज. कुठलाही एक पुसा, उरलेल्यांवरून तो काढता येतो. दोन पुसले की संपलं. नागोरावांनी चारही आकडे आळीपाळीने पुसून पाहिले, मगच त्यांची खात्री पटली. त्यानंतर त्यांनी ते दूधवाल्यालाही समजावलं. एक डिस्क गेली तर नवी येईपर्यंत उरलेल्यांवर ताण द्यायचा नाही, व्हिडिओबिडिओ सगळं बंद, हा नियमही त्यांनी डायरीत उतरवून घेतला. वेगळी प्रत ठेवायची तिची सूचना मात्र त्यांनी फेटाळली. चारातली एक आधीच जादा असताना पाचवी कशाला?

नम्रताच्या सासूबाई, विमलाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

“धरणं फुटली का? फुटली असतील तर केटररला कळवते. जेवण साडेअकरालाच लावा म्हणावं.”

“विमल, आईचा आवाज त्यातच आहे,” नागोराव म्हणाले.

विमलाबाई स्टुलावर बसल्या.

सकाळी या खोलीत कोण आलं होतं, असं नम्रताने विचारलं. तिचा नवरा आनंद प्रोजेक्टर आणायला गेला होता. ती स्वतः आठला फुलं आणायला मार्केट यार्डात गेली होती, ती अकराला परतली होती. विमलाबाई स्वयंपाकघरात होत्या. नागोरावांनी आपण पेपर वाचत होतो असं सांगितलं, आणि कुठला पेपर तेही सांगितलं.

तिने पडद्यावर सर्व्हरची नोंदवही उघडली. तीन नंबरची डिस्क आठला दहा कमी असताना गेली होती. त्या ओळीवरून ती पुढे सरकली. एक नंबर सव्वादहाला गेली होती. ती ओळ तिने तीनदा वाचली. मग ती इतक्या घाईने उठली, की खुर्ची मागे पलंगावर आदळली.

“तूच अशी घाबरलीस तर आम्ही काय करायचं?” विमलाबाई म्हणाल्या.

नम्रताने डब्याचं झाकण काढलं. एक नंबरची वायर सुटून लोंबत होती. तीन नंबरचीही सुटली होती, पण जागच्या जागी, सहज न दिसणारी. विमलाबाईंनी उंदरावर संशय घेतला. मग टेबलावरचे झाकणाचे चार स्क्रू पाहून तो मागे घेतला. नागोराव वाकून बघत होते. तीन नंबरकडे पाहताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

एक नंबर शेवटी गेली होती, म्हणजे तिच्यावरचा मजकूर जास्त ताजा. नम्रताने फक्त तिची वायर लावली, सर्व्हर बंद करून सुरू केला आणि तिन्ही डिस्क एकत्र उभ्या राहाव्यात म्हणून त्याच्यावर जबरदस्ती केली. असं करताना एखादी चूक झाली तर दुसरी संधी नव्हती. तिने टाइप केलेली ओळ दोनदा वाचली, मग बटण दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग फोल्डर दिसले. तिने चंद्रभागाबाईंची फाइल उघडली.

“तुले खांद्यावर घेऊन मी रांगेत उभी,” चंद्रभागाबाई सांगू लागल्या, “अन् तू निजला होता.”

नागोरावांनी चष्मा काढला. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. नंतर नम्रताने कपाटातून एक पेनड्राइव्ह काढला आणि न विचारता त्या फाइलची प्रत करून घेतली. या वेळी पाचवी कशाला, असं कुणी म्हणालं नाही.

“म्हणजे धरणंही वाचली म्हणायची,” असं म्हणत विमलाबाई चहा टाकायला गेल्या.

नागोरावांनी उठून दार लोटलं.

“एक नंबर मी काढली,” ते हळूच म्हणाले.

नम्रताने वर पाहिलं.

परवा दुपारी त्यांनी धरणदर्शन सुरुवातीपासून लावून पाहिलं होतं. पानशेतपर्यंत ते जागे होते. उजनीला डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा जायकवाडी संपत आलं होतं. साठ माणसांना उपाशी ठेवून हे दाखवायचं? पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. डिस्क गेली, नियमच आहे, असं म्हटलं की सगळं परस्पर मिटलं असतं.

“पण मी एकच काढली, नम्रता. हिशोब करून काढली. एकीने आईला काही होत नाही हे मला माहीत होतं. तीनला मी बोटसुद्धा लावलं नाही. ती कशी गेली, ते शोधून काढ.”

नम्रताने मान खाली घातली आणि झाकणाचा स्क्रू पिळत राहिली. तीन नंबर सकाळी तिने काढली होती. तीही हिशोब करून, एकच.