गिरणीकडची बारा पावलं

माणूस जन्मभर कितीही उपरा राहो, मेल्यावर त्याला त्याची हक्काची जागा मिळते. हॅल्डनशॉ गावात ही जागा नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर होती. सहावा विषय कुत्र्यांनी फुटपाथ घाण केल्याच्या दंडाचा होता, आणि चर्चा त्यावर जास्त झाली.

सातवा विषय नऊ वर्षं बंद पडलेल्या फुटबॉलच्या मैदानाचा. क्लब बुडाला, गेटला कुलूप लागलं, चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकले गेले. आता तिथे सुपरमार्केट यायचं होतं. अडचण एकच होती. क्लबच्या एकसष्ट भक्तांची रक्षा मैदानात पुरलेली होती. गिरणीकडच्या गोलमागे, जिथे उभं राहून ते जन्मभर पंचाच्या आईचा उद्धार करत आले होते. त्या एकसष्टांत बेरिलचा नवरा क्लिफ होता. चार वर्षं ती दारोदार सह्या गोळा करत हिंडली. मागणं फार नव्हतं. गोलमागची बारा पावलं जमीन सोडा, तिथे बाग करा, आणि मी गेले की मला क्लिफशेजारी ठेवा.

सात विरुद्ध दोन मतांनी बारा पावलं मिळाली. अध्यक्ष पिलिंगबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले आणि चहा मागवला. थेल्मा नावाच्या म्हाताऱ्या विधवेने, तिचाही नवरा त्या एकसष्टांतच होता, सुपरमार्केटच्या तरुण माणसाला मिठी मारली. “तुझ्यासारखा मुलगा हवा होता रे मला,” ती म्हणाली. तिला दोन मुलगे होते, आणि दोघेही मागच्या रांगेत बसले होते.

मैदानाची निगा राखणारा विल्फ कोपऱ्यात चहात बिस्कीट बुडवत होता. सगळे खड्डे त्यानेच खणलेले, म्हणून त्याला मानाने बोलावलं होतं. बेरिल त्याच्याशेजारी येऊन बसली.

“मंगळवारी मैदानावर ये रे, विल्फ. क्लिफ नेमका कुठे आहे तिथे खूण करून दे. मला माझी जागा धरून ठेवायचीय.”

“गिरणीकडे नाहीये तो.”

“म्हणजे?”

“रेल्वेकडच्या गोलमागे आहे. सगळेच तिकडे आहेत.” विल्फने बिस्किटाचा तुकडा तोडला. “गिरणीकडे पाणी मुरत नाही, बेरिल. पहिल्यांदा हॉवर्थला मी तिथेच पुरला होता. शनिवारी पाऊस झाला, आणि आपला गोलकीपर उठला तो अर्धा हॉवर्थ गुडघ्यांना माखून. नंतर नाही केला तो उद्योग.”

“अरे, पण पाद्री होता, आम्ही सगळे उभे होतो. माझ्या डोळ्यांदेखत तू खड्डा खणलास.”

“खणला की. मग तुम्ही गेलात पबमध्ये हॅम सँडविच खायला. मी क्लिफला फावड्यावर घेतला आणि पलीकडे नेला. तिकडची माती छान, कोरडी, भुसभुशीत. आणि कुणी इकडे, कुणी तिकडे, असा दुजाभाव नाही केला मी.”

रेल्वेची बाजू पाहुण्या संघाच्या लोकांसाठी असायची. पाहुणे म्हणजे मुख्यतः शेजारचं ब्रॅकनफर्थ. वाटेत ब्रॅकनफर्थला गाडी बदलावी लागते म्हणून क्लिफ सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेला नव्हता.

“तिथे ते ब्रॅकनफर्थवाले उभे राहायचे,” बेरिल म्हणाली.

“हो ना. आणि तिकडचा संडास अठ्ठ्याऐंशीपासून बंद.”

बेरिलने कप खाली ठेवला. “हे इतकी वर्षं का नाही बोललास?”

“लोक मला फक्त गवताचं विचारतात.”

पिलिंगबाईंनी कपावर चमचा वाजवला. ठरावाचा कागद त्यांच्यापुढे होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. “सही करण्याआधी बेरिलबाईंनी दोन शब्द बोलावेत. आजचा दिवस त्यांचा आहे.”

बेरिल उठली. एक वाक्य पुरलं असतं. विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता, पुन्हा चार वर्षं. थेल्मा शहाऐंशीची होती. आणि संडासाचं तिला कुणीतरी सांगावंच लागलं असतं.

“आपली माणसं,” बेरिल म्हणाली, “आपण जिथे ठेवली तिथेच आहेत.”

टाळ्या झाल्या. विल्फनेही वाजवल्या, बिस्कीट दातांत धरून. पिलिंगबाईंनी सही केली.

गर्दी पांगल्यावर बेरिलने सुपरमार्केटच्या माणसाला दाराशी गाठलं. “रेल्वेकडच्या बाजूला काय येणार आहे हो?”

“पार्किंग, मॅडम.”

बेरिलला जरा बरं वाटलं. पार्किंगमध्ये पिशवी घेऊन कितीही वेळ उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही.

“त्या बाजूचं काम बरंच पुढे गेलंय आमचं,” तो उत्साहाने म्हणाला. चार वर्षांत त्याला पार्किंगबद्दल कुणी विचारलं नव्हतं. “वरची दीड मीटर माती गेल्या वर्षी मे महिन्यातच काढली. काय माती होती. सगळी नव्या बायपासच्या भरावात गेली.”

“मंजुरी तर आज मिळाली.”

“ती बांधकामाला, मॅडम. माती उचलायला मंजुरी लागत नाही.”

बायपास ऑगस्टपासून सुरू होता. बेरिलची बस दुपारी त्याच रस्त्याने आली होती, आणि अकरा मिनिटं लवकर पोचली होती.