शून्यावर आणलेलं गेट

फाइल उघडली आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. स्नेहलने झूम आउट केलं. अजून केलं. तेव्हा कुठे गेटचा एक पल्ला डावीकडे मुंगीएवढा दिसला आणि दुसरा उजवीकडे, दुसऱ्या मुंगीएवढा. मध्ये मोकळं रान.

"एवढे लांब कसे?" ती स्वतःशीच म्हणाली.

"बरोबर हाय," मागून भगवान भोईर म्हणाले. "त्याला सांग, आपल्या जागेवर राव."

"मोठ्याला सांग, आमी हाय तिथंच हाव," शिवा भोईर म्हणाले.

सख्खे भाऊ. एकाच बाकावर बसलेले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. कामोठे गावातल्या घराची वाटणी झाल्यापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय ते तिसऱ्यामार्फत. आज तिसरी स्नेहल होती, कारण कळंबोलीच्या या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगला तीच बसायची.

वाटणीत अंगण आणि गेट तेवढं सामायिक राहिलं होतं. एक पल्ला एकाने करून घ्यायचा, एक दुसऱ्याने. दोघांनी आपापला ड्राफ्ट्समन धरला. दोन्ही ड्राफ्ट्समननी माप जिथून सुरू होतं ते शून्य आपापल्या मालकाच्या उंबरठ्यावर मानून मापं घेतली. त्यामुळे एका फाइलीत आणल्यावर पल्ल्यांनीही एकमेकांकडे पाठ फिरवली.

संध्याकाळपर्यंत फाइल कटिंगला गेली नाही, तर हळदीच्या आधी गेट होत नव्हतं. भगवानरावांच्या मुलीने, रंजिताने सकाळी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "गेट जमलं तर लग्न अंगणात. नाहीतर पनवेलचा हॉल धरून ठेवलाय. बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, आणि हळदीच्या अंगाने मी निरोप पोचवतेय, असलं लग्न मला नको." भोईरांच्या मुलीची हळद आजवर अंगणाबाहेर लागली नव्हती.

"त्याचा पल्ला माज्याकडं सरकव," भगवानराव म्हणाले.

"माजा कशाला? मोठ्याचा सरकव."

"कोणाचाच नको," स्नेहल म्हणाली. "दोन्ही या फाइलीच्या शून्यावर आणते."

भगवानराव पुढे झुकले. "शून्य कोणाच्या हद्दीत येतं?"

"कोणाच्याच नाही, काका."

"सातबाऱ्यावर नाव कोणाचं?"

"शून्याला सातबारा नसतो."

"कामोठ्यात अशी जागा शिल्लक हाय?" शिवा भोईरांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

स्नेहलने भगवानरावांच्या पल्ल्याचा कडीकडचा खालचा कोपरा पकडून शून्यावर टेकवला. मग शिवाकाकांच्या पल्ल्याचा तोच कोपरा तिथेच आणला. स्क्रीनवर एकच पल्ला उरला.

"माजा कुठं गेला?" शिवाकाका म्हणाले. "मोठ्याला विचार, हाही घेतला का."

स्नेहलने यादी बघितली. भाग दोन. दिसतोय एक. तिने पल्ला फिरवला तेव्हा त्याच्या अंगावर रंग थरथरायला लागले. भगवानरावांचा हिरवा आणि शिवाकाकांचा निळा, जरा हा वर, जरा तो वर. दोन्ही पल्ले तंतोतंत एकाच जागी उभे होते.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी उजवाच पल्ला केलाय."

भोईरांकडे शुभकार्याला आधी उजवा पल्ला उघडतात. मान त्याचा. कोणता कोणी करायचा हे ठरवायला एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

पण दोन्ही उजवे असले तरी इतके सारखे कसे? स्नेहलला राहवेना. ती एकेक गज बघत खाली आली. खालून तिसरा गज आत वाकला होता. तिला वाटलं, फाइल आणताना बिघडला. मग तिने दुसरा पल्ला एकटाच काढून बघितला. तोच गज, तेवढाच वाकडा.

"हा सरळ करते."

"नको," दोघे एकदम म्हणाले.

आणि मग एकमेकांकडे बघितलं.

"तू पन जुन्या गेटचंच माप दिलंस?" भगवानरावांनी विचारलं. स्नेहलला नाही, शिवाकाकांना. स्नेहलने माउसवरचा हात हळूच उचलला.

"गोठ्यामागं तेवढा उजवाच उरलाय, दादूस. दुसरा कशाचा देनार?"

"वाकडा गज कशाला ठेवलास?"

"सायकल तू ठोकलीस. मागं कॅरिअरवर मी होतो. बोललो व्हतो, ब्रेक मार."

"ब्रेक व्हताच कुठं?"

शिवाकाकांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात मिसळलं.

"बाय," भगवानराव स्नेहलला म्हणाले, "माजा उलटा कर. डावा."

तिने त्यांचा पल्ला आरशातल्यासारखा पलटवला. पल्ले समोरासमोर आले. गेट झालं. ते दोनेक श्वास टिकलं.

"का म्हनून?" शिवाकाका उठले. "मोठा तू. उजवा तुजा. बाय, त्याचा परत फिरव आनि माजा डावा कर."

"फिरवू नको. मोठा मी हाय ना? मग मी सांगतो."

"तुजं कायम असंच. वाटनीला पन विहीर गपचूप माज्याकडं टाकलीस."

"तुला पोरं लहान व्हती."

"मी मागितली व्हती का?"

बाहेर ग्राइंडर थांबले. वेल्डर काचा वर करून आत बघायला लागले. स्नेहलने दोघांचंही ऐकलं. भगवानरावांचा परत फिरवला नाही, शिवाकाकांचा डावा केला. स्क्रीनवर पुन्हा एकच पल्ला थरथरत उभा राहिला.

तेवढ्यात रंजिताचा फोन आला.

"आवाज कसला येतोय? भांडतायत?"

"हो."

"तुझ्यामार्फत?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "डायरेक्ट."

"मग मी हॉल सोडते," रंजिता म्हणाली.